धडधाकट असल्याचा पुरावा

अंकुश खंडागळेने अपंगत्वाचा विमा काढायचं ठरवलं, त्या दिवशी तो पूर्णपणे धडधाकट होता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे या मुद्द्यावर लोकांमध्ये फार मतभेद झाले. एक वेळ तर अशी आली, की खुद्द अंकुशलाही छातीठोकपणे काही सांगता येईना.

झालं असं, की तो दिघ्याला अश्विनला भेटून आला. अश्विन म्हणजे जासईच्या कंटेनर यार्डातला त्याचा जोडीदार. दोघंही एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचे. कागद बघणाऱ्या माणसाला काय होणार, फार तर चष्मा लागेल, असं आपल्याला वाटतं. पण एका कंटेनरचं सील तपासायला अश्विन ट्रेलरवर चढला, पाय सटकला आणि पाठीवर आपटला. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने भागवलं. ऑफिसने फुलं पाठवली. मग काही महिने पगार पाठवला, मग अर्धा पाठवला, आणि त्यानंतर 'लवकर बरा हो' असा मेसेज पाठवला. तो मात्र अगदी नियमित येतो. आता अश्विन दिवसभर भिंतीला टेकून बसतो आणि त्याची बायको शेजारच्या कंपन्यांमध्ये जेवणाचे डबे पुरवते.

"अंक्या," अश्विन म्हणाला, "मेलो असतो ना, तर घरच्यांना विम्याचे पैसे मिळाले असते. हॉस्पिटलात असतो, तर मेडिक्लेम होता. मी मेलो पण नाय आणि ॲडमिट पण नाय. नुसता बसलोय. नुसत्या बसलेल्या माणसाला कोणीच काय देत नाय यार."

हे वाक्य अंकुशबरोबर नेरुळपर्यंत आलं आणि घरातही शिरलं. घरात फ्लॅटचा हप्ता होता, बारावीतली मुलगी क्रांती होती, आबांची बीपीची औषधं होती, आणि बायकोची, म्हणजे संघप्रियाची, शिरवण्याच्या शाळेतली कंत्राटी नोकरी होती, जिचा पगार मनात आलं की यायचा. या सगळ्याच्या खाली जॅक लावल्यासारखा एकटा अंकुश उभा होता. जॅक सरकला तर?

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातल्या एचआरच्या बाईंना विचारलं, "मॅडम, समजा मला काही झालं, तर ऑफिस काय करतं?"

"आम्ही तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहतो."

"किती महिने?"

बाई हसल्या. इतकं छान हसल्या, की अंकुशने लगेच निशिगंधाला फोन लावला. निशिगंधा विम्याची एजंट. तिने सांगितलं, की असा विमा असतो. अपघाताने किंवा आजाराने माणूस कामाला मुकला, तर काही महिन्यांनंतर पगाराचा मोठा हिस्सा दर महिन्याला घरी येत राहतो, आणि वर्षानुवर्षं येतो. "पण सर, लोक घेतच नाहीत. गाडीचा घेतात, मोबाईलच्या स्क्रीनचा घेतात. गाडीचा हप्ता कमावणाऱ्या हातापायांचा म्हटलं, की 'बघू' म्हणतात."

अंकुशने 'बघू' म्हटलं नाही. याचा त्याला अभिमान वाटला आणि रात्रीच्या जेवणाला त्याने ही बातमी जरा भारदस्त आवाज काढून जाहीर केली.

त्याचे वडील रावसाहेब, म्हणजे आबा, भाकरी मोडता मोडता थांबले. उभी हयात एमआयडीसीत काढली तरी त्यांच्या बोलण्यातलं उदगीर काही गेलं नव्हतं. "हे काय अभद्र बोलायलास? मेल्यावर मिळतेत तो विमा म्हाईत हाय मला. जित्तेपणी लोळत पडायचा विमा कुणी काढतंय का?"

"आबा, लोळत पडायची वेळ आली तर, म्हणून."

"वेळ येतीच कशी? असं रोज बोललास तर येतीच मग. मी न्हाई सही करणार."

"तुमची सही लागतच नाही."

"तर मग बरंच हाय. न्हाईच करणार."

संघप्रियाने वरण वाढलं. "काढा हो तुम्ही. फक्त एक विचारून घ्या. तुम्ही रविवारी दिवसभर सोफ्यावर पडून असता, त्याचे काही मिळतात का?"

असा घरातून भक्कम पाठिंबा मिळाल्यावर अंकुशने अर्ज भरला. निशिगंधा म्हणाली, "आता फक्त व्हेरिफिकेशन. आमचा माणूस येऊन बघून जाईल, शेजारीपाजारी दोन प्रश्न विचारेल. फॉर्मॅलिटी आहे सर."

आता फॉर्मॅलिटी हा शब्द ज्यांनी काढला, ते बहुधा सद्भाव सोसायटीत कधी राहिले नसावेत.

सद्भाव सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर परुळेकर. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. सोसायटीत कोण कशासाठी येतंय हे सगळ्यांना कळलं पाहिजे, याला ते पारदर्शकता म्हणायचे. त्यासाठी त्यांनी गेटवर ॲप बसवलं होतं. तुमच्याकडे कुणी येणार असेल, तर आधी त्यात नाव आणि काम लिहायचं. ते आपोआप सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर जायचं. त्यामुळे कुणाच्या घरी गिझरवाला आला आणि कुणाच्या घरी स्थळ बघायला माणसं आली, हे त्या घरातल्या माणसांआधी बाकीच्यांना समजायचं.

शिवाय सोसायटीची एक रीत होती. बाहेरचा माणूस चौकशीला आला, की सगळ्यांनी एका सुरात आपल्या माणसाच्या फायद्याचं बोलायचं. पासपोर्टचे पोलीस आले तर 'मुलगा म्हणजे रत्न'. स्थळाची माणसं आली तर 'मुलगी आवाज चढवून बोललेली ऐकली नाही', मग ती मुलगी त्याच वेळी पार्किंगवरून भांडत का असेना. परुळेकर मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आपल्या बिल्डिंगमधला एकही पासपोर्ट आजवर अडकलेला नाही. आपल्या शब्दावर लग्नं जमली आहेत. त्यातली बरीचशी टिकलीही."

अंकुशने कामावर निघताना ॲपमध्ये लिहिलं: 'धनाजी लवटे. काम: अपंगत्व विमा, चौकशी.' आणि तो जासईला गेला.

दुपारपर्यंत त्याच्या मोबाईलवर 'काळजी घ्या', 'धीर सोडू नका', 'आम्ही आहोत' असे मेसेज येत राहिले. पण सद्भावच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांसकट इतकं काय काय येतं, की अंकुशने त्याकडे लक्षच दिलं नाही. एकाने 'आयुष्य संपलेलं नसतं' असं लिहिलं होतं, त्याला त्याने अंगठा दिला.

चारपर्यंत घरी पोचायचं होतं. पण जासईच्या रस्त्यावर ट्रेलर एकमेकांना चिकटून उभे राहिले, की त्यांना घड्याळ दाखवून उपयोग नसतो. अंकुश कसाबसा नेरुळला पोचला आणि रिक्षा मिळेना म्हणून शेवटचं अंतर चक्क पळत सुटला. लग्नानंतर तो पहिल्यांदाच इतका पळाला असेल.

इकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर विमा कंपनीचा माणूस धनाजी लवटे बसला होता. हा माणूस हेल्मेट मांडीवर ठेवून, ओठावर ओठ घट्ट दाबून ऐकायचा आणि मोबाईलवर एका बोटाने टाइप करायचा. त्याच्या समोर पहिल्या मजल्यावरची गोजराबाई भोईर बोलत होती. गोजराबाई मूळची शिरवण्याची. कुणाच्या मयताला गेली तर मयताच्या घरचे लोक रडायचं थांबवून तिच्याकडे बघत बसायचे, असं तिचं बोलणं.

"सायेब, सोन्यासारका पोर वो!" गोजराबाई पदराने डोळे पुसत होती. "परवा पानी मागत व्हता, तं तोंडातशी आवाज निंगंना. कंबरंच्या खाली कायच नाय आता. कायच नाय!"

एवढ्यात कंबरेखालचं सगळं घेऊन अंकुश धावत गेटातून आत आला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पण गोजराबाई डगमगली नाही. "आला बगा! गोलीच्या जोरावर धावतंय बिचारा. आता उतरंल बगा गोली."

अंकुशला सांगायचं होतं, की हे सगळं खोटं आहे, मी ठणठणीत आहे. पण शेवटचं अंतर पळत आल्यामुळे त्याच्या तोंडून नुसता 'ह... ह...' एवढाच आवाज निघाला. त्याने गुडघ्यांवर हात टेकले.

"बोलायलाही होत नाही हो," परुळेकर खालच्या आवाजात धनाजीला म्हणाले. मग मागे वळून ओरडले, "सुचित्रा, खुर्ची आण!"

परुळेकरांची बायको सुचित्राकाकू एक चाकांची खुर्ची ढकलत आल्या. ती परुळेकरांच्या दिवंगत आईची. ती माळ्यावरून काढून, पुसून, चाकांना खोबरेल लावून सज्ज ठेवली होती. "बसा अंकुश. आमच्या आईंची आहे, लाजायचं नाही."

"अहो, मी... ठीक... आहे!"

"लई सोबिमानी," गोजराबाई म्हणाली. "मरंल, पन दुकतंय बोलनार नाय."

अंकुश जितकं 'नाही' म्हणाला, तितका तो लोकांना जास्त आजारी वाटला. चार हातांनी त्याला धरून खुर्चीत बसवलं. कुणीतरी गुडघ्यांवर चादर टाकली. गोजराबाईने त्याच्या पुढ्यात चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, रश्श्याचा डबा ठेवला, हाडाला चांगला म्हणून. धनाजी उठला, चार पावलं मागे गेला आणि मोबाईल आडवा धरला.

"सर, जरा असेच बसा. लोकेशन येऊ दे."

फोटो निघाला तेव्हा आरडाओरडा ऐकून आबा जिन्यातून खाली आले होते. शेवटच्या पायरीवर उभे राहून ते मुलाकडे बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. एरवी आबा असे गप्प राहिले, की अंकुश आधी त्यांची बीपीची गोळी शोधायचा. या वेळी त्याला कुणी खुर्चीतून उठूच देत नव्हतं.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. चिंबोरीचा रस्सा बाकीच्यांनी संपवला. तो फारच झकास झाला होता, हे रागात असूनही अंकुशला मान्य करावं लागलं.

दोन दिवसांनी निशिगंधाचा फोन आला. "सर, थोडा प्रॉब्लेम आहे. तुम्हाला अपंगत्वाचा विमा देता येणार नाही."

"का?"

"तुम्ही आधीच अपंग आहात ना."

"अहो मॅडम, मी आत्ता तुमच्याशी उभा राहून बोलतोय!"

"फोनवर दिसत नाही ना सर. फोटोत मात्र बसलेले दिसताय. चादरीसकट."

अंकुश हसला असता, पण निशिगंधाचा आवाज बदलला. "सर, हे सीरियस आहे. एकदा इथून नकार गेला, की दुसरी कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, की आधी कुणी नाकारलंय का. मग तुम्हाला कुणीच उभं करणार नाही. मी साहेबांच्या पाया पडून पुन्हा एक व्हेरिफिकेशन मागितलंय. रविवारी. हे शेवटचं."

अंकुशच्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकून बसलेला अश्विन आला. त्या भिंतीला अंकुशच्या घरातला रंग होता.

तो तडक परुळेकरांच्या दारात गेला. "तुम्ही माझ्याबद्दल काय काय सांगितलंत त्या माणसाला?"

"जे जे सुचलं ते सगळं," परुळेकर अभिमानाने म्हणाले. "क्लेम पास झाला का?"

"क्लेम नव्हता तो! मला नवीन विमा काढायचाय! मी धडधाकट असलो तरच मिळणार आहे!"

परुळेकरांचा चेहरा हळूहळू पडला, आणि मग तितक्याच हळूहळू रागावला. "मग आधी सांगायचं ना! तुम्ही लिहिलंत, अपंगत्व विमा, चौकशी. आता पोलीस येणार असं लिहिलं असतंत, तर आम्ही चोरी झाली असंच समजलो असतो ना?"

"विचारायचं तरी!"

"असल्या गोष्टी विचारतात का कुणाच्या तोंडावर? आमच्यात काही सभ्यता आहे की नाही? तुमच्यासाठी आमच्या हिने तीन तास चाकं पुसली! गोजराबाई दुपारी झोपली नाही! आणि तुम्ही म्हणता खोटं बोललात." त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "खोटं बोललो, ते कुणासाठी?"

उलट अंकुशलाच ओशाळल्यासारखं झालं आणि 'सॉरी' म्हणून तो घरी आला. पायातली चप्पल काढताना त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाबद्दल सॉरी म्हणालो हे आपल्याला माहीत नाही.

पण सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न होता. आजवर त्यांच्या शब्दाने कुणाचं काम अडलं नव्हतं. परुळेकरांनी ग्रुपवर जाहीर केलं: 'रविवारी सर्वांनी श्री. खंडागळे यांच्या प्रकृतीबद्दल उत्तमोत्तम बोलावे. मागील चूक भरून काढावी.'

"काका, काही भरून काढू नका," अंकुशने हात जोडले. "जे आहे तेवढंच बोला."

"टेन्शन घेऊ नका. आपण आहोत ना!"

आपण आहोत हेच टेन्शन होतं, पण ते बोलून दाखवता येईना.

रविवारी धनाजी लवटे आला, हेल्मेट मांडीवर घेऊन त्याच खुर्चीवर बसला. या वेळी अंकुश सकाळपासून खाली उभाच होता, कारण बसलेला दिसायला नको. संघप्रिया त्याच्या शेजारी उभी होती. "तोंड जरा हसरं ठेवा," ती पुटपुटली. "आजारी दिसताय."

"अर्जदार जिना चढतो का?" धनाजीने विचारलं.

"जिना?" परुळेकर तुच्छतेने हसले. "जिना आपण चढतो. हा माणूस पाण्याच्या टाकीवर चढतो. तेही शिडीने नाही, बाहेरच्या पाइपने!"

धनाजीचं बोट चालायला लागलं.

"आन् वरशी उडी मारतंय!" गोजराबाई मागे राहणार नव्हती. "गेल्या पावसाला मांजार अडाकलं चवथ्या मजल्याव. हा गिरीलवरशी लोंबकाला न् काडून आनला. एक हात सोडून वो सायेब, एक हात!"

"मोटरसायकल तर काय चालवतात," सुचित्राकाकू म्हणाल्या. अंकुशकडे मोटरसायकलच नव्हती. "वाऱ्यासारखी! ट्रेलरच्या मधून अशी काढतात ना, बघवत नाही."

"खाडीत पोहतात," कुणीतरी मागून ओरडलं. "भरतीला!"

संघप्रियाने नवऱ्याकडे पाहिलं. "मला कधी सांगितलं नाहीत ते," ती म्हणाली.

धनाजी टाइप करता करता बोलत होता. "उंचीवर चढणे... उंचीवरून उडी मारणे... अवजड वाहनांमधून वेगाने... सर, याला कंपनी धोकादायक सवयी म्हणते. असल्या माणसाला विमा मिळत नाही."

"नाही, नाही!" अंकुश पुढे आला. "हे सगळं—"

"नम्र पण आहेत," परुळेकर म्हणाले. "थांबा, प्रत्यक्षच दाखवू. अंकुश, उचला तो जार!"

पार्किंगच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा भरलेला जार होता. आता इथे अंकुशने नाही म्हणायला हवं होतं. पण इतका वेळ आपल्या पराक्रमांचं वर्णन ऐकून त्याच्याही आत कुठेतरी, अगदी कोपऱ्यात, टाकीवर चढणारा एक माणूस तयार झाला होता. त्याने जार उचलला. खांद्यावर घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि जारचं बूच निघालं.

पाणी आधी अंकुशच्या शर्टात गेलं, मग गुळगुळीत फरशीवर पसरलं. टाळ्या वाजवत पुढे आलेल्या परुळेकरांचा पाय त्यावर पडला. ते मागे कोसळले, पण जमिनीवर नाही. 'बघा, ही खुर्ची आता कुणालाच लागत नाही' हे धनाजीला दाखवायला त्यांनी आईची खुर्ची मुद्दाम तिथे आणून ठेवली होती. परुळेकर बरोबर तिच्यात बसले. सुचित्राकाकूंनी चाकांना खोबरेल मनापासून लावलं होतं. खुर्ची पार्किंगमधून उतारावर लागली, आणि हात वर करून 'अरे, अरे' म्हणणारे परुळेकर संथपणे सगळ्यांसमोरून गेटाकडे निघाले. वॉचमनने सवयीने गेट उघडलं, सलाम केला आणि ॲपमध्ये नोंद केली. सगळ्यांच्या खिशातले मोबाईल एकदम वाजले: 'श्री. परुळेकर बाहेर गेले.'

त्यांना समोरच्या भाजीवाल्याने अडवलं. पायाचा घोटा मुरगळला होता, बाकी जास्त काही नाही. परत आणल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "धनाजीराव, हे रिपोर्टमध्ये येत नाही ना?"

धनाजी मोबाईल मांडीवर ठेवून बसला होता. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "सर," तो अंकुशला म्हणाला, "पहिल्या रिपोर्टप्रमाणे तुम्हाला कंबरेखाली काही नाही. दुसऱ्याप्रमाणे तुम्ही बिल्डिंगवरून उड्या मारता. मी यातलं खरं काय धरू? पहिल्यावर हा दुसरा पाठवला, तर अर्ज जाईलच, माझी नोकरीपण जाईल."

अंकुशच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. त्याला खूप काही सुनवायचं होतं, सगळ्यांना, ओळीने. पण सुरुवात कुणापासून करावी हेच ठरेना. कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. गोजराबाई पदराशी चाळा करत उभी होती.

तेव्हा जिन्याजवळून आबा पुढे आले. या विम्याबद्दल त्या दिवसापासून ते एक अक्षर बोलले नव्हते. आता सही मागितली तरी देणार नाही असं काहीतरी म्हणतील, या भीतीने अंकुशने "आबा, तुम्ही वर चला" असं म्हटलं. आबांनी त्याला हाताने गप्प केलं.

"सायेब, मी ह्याचा बाप. ही समदी माणसं चांगली हायत. पर ह्यांचं काही लिहू नगा. मी सांगतो ते लिहा. ह्यो टाकीवर चढत न्हाई. ह्यो पहिल्या मजल्यावर जायलाबी लिफ्टची वाट बघत उभा ऱ्हातो. पाण्याला भितो. मांजराला तर लईच भितो."

"आबा!" अंकुश म्हणाला.

"खरं हाय ते हाय. आन् ह्यो पडूनबी न्हाई. सकाळी डबा घेऊन जातो. संध्याकाळी येतो. हात-पाय धुतो, सोफ्यावर बसतो न् मोबाईल बघत ऱ्हातो. एवढंच. ह्याच्यात लिहिण्यासारखं काहीच न्हाई. पर..." आबा थांबले. "पर त्या दिशी तुमी ह्याला खुर्चीत बसवलं न् मांडीवर चादर टाकली. खोटं व्हतं, म्हाईत हाय मला. मी पायरीवर उभा व्हतो. तवापासून माझ्या डोळ्याम्होरून ती चादर जाईना. ह्याचं रोजचं येणं-जाणं थांबलं, तर आमी चौघंबी बसलोच की त्या खुर्चीत. म्हणून म्हणतो, विमा द्या ह्याला. माझी सही लागती का?"

"नाही लागत," धनाजी म्हणाला.

"तरी घ्या."

धनाजीने मोबाईलवर आधीचं सगळं पुसलं आणि नव्याने लिहायला लागला. या वेळी त्याला फार वेळ लागला नाही.

मग डॉक्टरची तपासणी झाली. डॉक्टरने अंकुशला वाकून पायाची बोटं धरायला लावली. बोटं अंकुशपासून बरीच लांब निघाली. डॉक्टरने विचारलं, "नेहमी एवढंच वाकता येतं?" अंकुश म्हणाला, "एवढं तर आज तुमच्यासाठी." रक्त घेतलं, ईसीजीची पट्टी काढली, आणि दोन आठवडे काहीच कळलं नाही. त्या दोन आठवड्यांत अंकुश यार्डातली प्रत्येक पायरी कठडा धरून उतरला आणि त्याने एकदाही रस्ता पळून ओलांडला नाही. संघप्रिया म्हणाली, की हा विमा नाही मिळाला तरी त्याचा गुण मात्र आलाय.

शेवटी फोन आला. "अभिनंदन सर!" निशिगंधा ओरडलीच. "पॉलिसी पास झाली. तुम्ही सर्वसाधारण निघालात!"

"म्हणजे?"

"म्हणजे सर्वसाधारण. तब्येत सर्वसाधारण, सवयी सर्वसाधारण. एकदम बेस्ट!"

फोन ठेवल्यावर अंकुश जरा वेळ खिडकीत उभा राहिला. विमा मिळाल्याचा आनंद होता, यात शंकाच नव्हती. पण आधी लुळा, मग टाकीवरून उड्या मारणारा, आणि शेवटी सर्वसाधारण, हा चढउतार काही त्याच्या मनाला पटेना. निदान 'उत्तम' तरी म्हणायचं, असं त्याला वाटत राहिलं.

अशोक विजयादशमी जवळ आली होती. संघप्रियाने घर साफ करायला काढलं होतं आणि सोफ्यावर भांड्यांचा ढीग होता, त्यामुळे अंकुशला उभ्यानेच बातमी सांगावी लागली.

"मिळाला?" संघप्रियाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग पदराने कपाळ पुसलं. "बरं झालं हो. फार बरं झालं."

आबा खुर्चीतून हे ऐकत होते. "आता ह्याचे हात-पाय मोडले तरी घरात पगार येणार?"

"पूर्ण नाही आबा. पण बराचसा. पहिले काही महिने आपले आपण काढायचे."

"पर येणार."

"येणार."

आबांनी वर छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मग पंखे पूस."

अंकुशला वाटलं, आबा गंमत करतायत. पण आबांनी स्वतः स्टूल आणून पंख्याखाली ठेवलं. संघप्रियाने ओलं फडकं हातात दिलं आणि स्टूलचा एक पाय धरला. अंकुश वर चढला. खाली बघायचं नाही, असं ठरवून त्याने पहिलं पातं पुसलं. त्यावर वर्षभराची धूळ होती, ती सगळी त्याच्या केसांत आली. दुसरं पातं पुसलं. तिसरं पुसताना त्याच्या लक्षात आलं, की आबांनी स्टूल धरलेलंच नाहीये. ते खाली उकिडवे बसले होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी अंकुशचा घोटा आवळून धरला होता.

"आबा, झालं. सोडा, उतरतो."

"उतर की. कुणी नको म्हटलंय?"

"पाय सोडा ना मग."

"विमा असला म्हणून काय झालं," आबा म्हणाले. "सावकाश उतर."

"अहो, पण तुम्ही सोडल्याशिवाय कसा उतरू?"

आबांना हे पटत होतं. त्यांनी दोनदा मानही हलवली. पण हात काही सुटेनात, आणि सद्भाव सोसायटीतला तो सर्वसाधारण माणूस फडकं हातात घेऊन, पंख्याला धरून, कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.